आमच्या आडनावाची गल्ली

४ मार्च, मंगळवार

रुग्णवाहिका पुलावर जाऊन उभी राहिली, आणि बाई इकडे गल्लीत धाप लागून पडलेली! पुलाचं नाव तेच, गल्लीचं नाव तेच. फोन करणाऱ्याने घाबरून नुसतं आडनाव सांगितलं, ड्रायव्हरला पूल माहीत, तो सरळ पुलावर गेला. बाई वाचली, चष्मेवाल्याची बायको ती. शेजाऱ्यांनी कुणाच्या तरी गाडीत घालून नेलं. पण पेपरात आलं, आणि सकाळी साहेबांनी मला आत बोलावलं.

"तुमच्याच आडनावाची भानगड आहे. तुम्हीच निस्तरा."

गावात आमच्या आडनावाच्या सहा जागा आहेत. पूल, चौक, बाग, मैदान, डोळ्यांचा दवाखाना आणि ही गल्ली. आता नवा नियम — पाटीवर नुसतं आडनाव चालणार नाही. पूर्ण नाव हवं, आणि खाली एक ओळ, की हा माणूस कोण होता. नगरपालिकेच्या फलक विभागात आम्ही चौघं, पण काम आलं माझ्या गळ्यात. आडनाव नडलं.

तसं ते कायमच नडत आलंय. दगड भिरकावला तर आमच्याच आडनावाच्या माणसाला लागेल इतके आम्ही उदंड. शाळेत एका वर्गात पाच जणी होतो. हजेरीला बाई आडनाव घेऊन दम खायला थांबल्या की पाचही जणी उभ्या. पोस्टमनने तर आमच्यापुढे हात टेकले होते. मोठी माणसंही झाली आमच्यात, नाही असं नाही. एक दरोडेखोरही झाला. त्याच्या नावाने पाटी नाही, पण जुन्या तुरुंगातली एक कोठडी लोक अजून त्याच्या नावाने दाखवतात. नशीब, कोठड्या आमच्या विभागाकडे येत नाहीत.

५ मार्च, बुधवार

चहा पिता पिता अप्पांना सांगून बसले. सांगायला नको होतं.

"पूर्ण नाव?" त्यांनी कप खाली ठेवला. "गल्लीला पण?"

"सगळ्यांनाच."

आता गोष्ट सुरू होणार म्हणून मी कप उचलायला लागले. पण आज अप्पांनी गोष्ट काढलीच नाही. भरून आलं असणार.

ती गोष्ट! आजोबा, म्हणजे अप्पांचे वडील, पाणीपुरवठ्यात होते. गावाचं पाणी सोडायचं, बंद करायचं, मुख्य चावी त्यांच्या ताब्यात. एकदा लाकडाच्या वखारीला आग लागली. वरून हुकूम यायची वाट न बघता आजोबा अनवाणी धावले, चावी फिरवली, सगळं पाणी गल्लीकडे वळवलं आणि गल्ली वाचवली. म्हणून गल्लीला त्यांचं नाव. चावीचं चाक इतकं घट्ट होतं की तळहाताची सालं निघाली. मी आजोबांना बघितलेलं नाही, पण ही गोष्ट इतक्यांदा ऐकलीय की अप्पा कुठे श्वास घेतात तेसुद्धा पाठ आहे.

अप्पा चौऱ्याऐंशीचे. जन्मभर गणवेश शिवले — शाळांचे, बसवाल्यांचे, आमच्या शिपायांचेसुद्धा. आता रोज संध्याकाळी फिरायला जातात ते त्या गल्लीच्या तोंडापर्यंत. खिशातून रुमाल काढून पाटी पुसतात. कोणी थांबलं तर म्हणतात, "हे आमचे वडील." पाटीवर नुसतं आडनाव! निम्म्या गावाचे वडील होतील ते.

लिहूनच टाकते. मला लाज वाटते त्यांची. मागच्या आठवड्यात ऑफिसातल्या दोघी बरोबर होत्या आणि अप्पा पाटी पुसत होते. मी बोलत बोलत रस्ता ओलांडला आणि पलीकडून निघून गेले. हाक मारली नाही त्यांनी. बहुतेक बघितलं नसावं.

१० मार्च, सोमवार

पाच जागा मार्गी लागल्या. मजा आली, खोटं कशाला बोलू!

पुलाचा इंजिनिअर — त्याची पुतणी फोनवर तासभर बोलली. पुलावरून पहिला ट्रक गेला तेव्हा काका खाली नदीच्या काठावर, बरोबर कमानीखाली खुर्ची टाकून बसले होते म्हणे. बायको वर उभी राहून शिव्या घालत होती. चौकातली गायिका — रियाज करायची तेव्हा खिडकीखाली गाड्या थांबायच्या, पोलीस हटवायला यायचा आणि तोही तिथेच उभा राहायचा. मैदानवाला धावपटू सगळ्या मोठ्या शर्यतींत दुसरा आला. पहिल्या आलेल्यांची नावं आज कोणाला ठाऊक नाहीत, आणि याच्या नावाने मैदान! बागवाला साबण बनवायचा. डोळ्यांचे डॉक्टर इतके विसरभोळे की स्वतःचा चष्मा कपाळावर ठेवून शोधत बसायचे, हे त्यांच्या जुन्या नर्सने सांगितलं.

आणि या सगळ्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. फक्त आडनाव एक. पुतणी म्हणाली, "तुम्ही पण आमच्यातल्याच का? मग काही वाटत असेल ना तुम्हाला, पुलावरून जाताना?" मी म्हटलं, हो, वाटतं. पुलावरून जाताना मला फक्त उशीर झालेला असतो.

गल्लीचं मात्र काही सापडत नाही. पुरात नगरपालिकेचा तळमजला बुडाला तेव्हा जुनी कागदपत्रं लगदा झाली, त्यात हेही गेलं.

१२ मार्च, बुधवार

अप्पा रोज विचारतात. "गल्लीचं काय झालं?" लहान मूल सहलीची तारीख विचारतं तसं.

१४ मार्च, शुक्रवार

दुपारी गल्लीत गेले. चष्मेवाल्याचं दुकान अगदी पाटीसमोर. बायको बरी आहे, गल्ल्यावर बसली होती, मला बघून हसली.

चष्मेवाल्याला विचारलं, ही गल्ली कोणाच्या नावाची, काही माहीत आहे का.

"तुम्ही विचारता?" तो म्हणाला. "अप्पा तर रोज सांगतात."

"तरी. तुमच्या घरी जुनं कोणी काही बोलायचं का?"

तो काच पुसत होता. ती ठेवून दुसरी घेतली. मग म्हणाला, "आई सांगायची, इथे कोपऱ्यातल्या खोलीत एक सुईण राहायची. तुमच्याच आडनावाची. अडलेल्या बायकांची माणसं लांबून लांबून विचारत यायची, म्हणून तिच्या आडनावानेच गल्ली ओळखायला लागले. मी पण तिच्याच हातचा, असं आई म्हणायची. आता खरंखोटं देव जाणे."

"आणि वखारीची आग?"

"आग लागली होती की. ती विझवली कोणी, ते नाही बाई आई कधी बोलली." काच उजेडात धरून बघितली त्याने. "पण अप्पांची गोष्ट झकास आहे. तीच लिहा. सुईण काय विचारायला येणार आहे?"

मी वहीत काहीच लिहिलं नाही. वही उघडली होती, तशीच मिटली. परत येताना वाटेत मनाशी म्हणत होते, ऐकीव गोष्ट आहे, आईने सांगितलेली, ती कुठे पुरावा असतो. अप्पांची गोष्टही ऐकीवच आहे, हे मनात आलं, पण मी पाय उचलले.

१७ मार्च, सोमवार

केलं.

कागद नसतील तिथे दोन जुन्या रहिवाशांची साक्ष चालते, असा नियम आहे. चष्मेवाल्याने हसत हसत सही ठोकली. "मला काय, मला चष्मे विकायचेत." दुसरी सही अप्पांची. मी कागद घरी आणला.

अप्पांनी चष्मा शोधायलाच बराच वेळ घेतला. मग कागद वाचला. परत वाचला. "सही करायलाच हवी का ग?"

"हो अप्पा, नियम आहे."

"तुला हवीय ना ही पाटी अशी?"

मी म्हटलं, "मला काय, तुम्हाला बरं वाटेल." त्यांनी सही केली. शिंप्याची सही, टाके घातल्यासारखी एका रेषेत.

कोणाचं काय जातं? सुईण केव्हाच गेली. मागे कोणी असेल-नसेल. इथे एक म्हातारा माणूस जिवंत आहे, रोज रुमालाने पाटी पुसणारा. एवढं एक सुख त्याच्या पदरात पडलं तर आभाळ कोसळणार आहे का? असं स्वतःला दहा वेळा समजावलं. खरी गोष्ट इतकी समजावून सांगावी लागत नाही, तेवढं कळण्याइतकी अक्कल आहे मला.

१८ मार्च, मंगळवार

साहेबांनी सहाही जागांच्या कागदांवर सह्या केल्या. गल्लीच्या कागदापाशी थांबले. "अरे वा, तुमचे आजोबा! आणि बोलला नाहीत कधी." मी हसले. काय करणार होते?

२४ मार्च, सोमवार

पाटी लागली. निळ्यावर पांढरी अक्षरं. आजोबांचं पूर्ण नाव, आणि खाली — "यांनी आगीतून ही गल्ली वाचवली." ओळ मीच रचलेली. आमचा पेंटर म्हणाला, "बाई, हे नाव काढताना हात जरा जपून चालवला, घरचं आहे ना." अक्षर खरंच सुरेख आलंय. पुढच्या वर्षीपासून छापील पाट्या येणार, तो निवृत्त होतोय.

गल्ली गोळा झाली. अप्पा ठेवणीतला कोट घालून आलेले. सगळ्यांना वाटलं आता भाषण करणार. ते नुसते पाटीखाली उभे राहून वाचत होते. रुमाल काढला नाही. पेंटर म्हणाला, "अप्पा, दोन शब्द." अप्पा म्हणाले, "अक्षर छान आहे," आणि घरी जाऊ या म्हणाले.

चष्मेवाल्याने फोटो काढला. फोटोत मी हसतेय आणि अप्पा माझ्याकडे बघतायत. परदेशातल्या दादाला पाठवला. त्याचा लगेच फोन, "म्हाताऱ्याचं सोनं केलंस तू."

२७ मार्च, गुरुवार

आज खिडकीवर एक बाई आल्या. पंच्याऐंशीच्या पुढच्या नक्की. हातात काठी, केस चापूनचोपून बसवलेले, दोन बस बदलून गावाच्या पार दुसऱ्या टोकाहून आलेल्या. रांग नव्हती, तरी मी "या" म्हणेपर्यंत मागेच उभ्या राहिल्या.

"गल्लीची पाटी बदलली का हो?"

मी म्हटलं, बदलली.

"छान आहे. आता लांबून वाचता येते. मी तक्रार करायला नाही आले हं." काठी खिडकीच्या कडेला टेकवली. "माझी आई सुईण होती. तिथेच राहायचो आम्ही, कोपऱ्यातल्या खोलीत. आधीची पाटी लावली तेव्हा आई होती. एवढी लाजली की आठवडाभर पुढच्या दाराने बाहेर पडेना. मागच्या बोळातून जायची!" त्या हसल्या. मला हसता आलं नाही. "तर मी एवढंच विचारायला आले, की आईचं नाव आता दुसरीकडे कुठे लागणार आहे का? म्हणजे मी तिकडे जाऊन बघेन."

मी म्हटलं, "चौकशी करून कळवते." त्यांनी पत्ता दिला. मी तो लिहून घेतला. कसली चौकशी? सगळं मला माहीत होतं. मी तिथल्या तिथे, त्यांच्या डोळ्यांत बघून, खोटं बोलले.

जाता जाता त्यांचं लक्ष माझ्या छातीवरच्या बिल्ल्याकडे गेलं. पुढे झुकून वाचला. चेहरा उजळला त्यांचा.

"अगबाई, तुम्ही पण आमच्यातल्याच! मग काळजी नाही. आपलंच माणूस बसलंय."

त्या गेल्यावर मी बिल्ला काढून ड्रॉवरमध्ये टाकला. तासाभराने साहेब म्हणाले, बिल्ला कुठाय. परत लावला.

२८ मार्च, शुक्रवार

खाई त्याला खवखवे. दिवसभर कोणाचीही काठी फरशीवर वाजली की मी खिडकीतून वाकून बघत होते.

३० मार्च, रविवार

अप्पा फिरायला जाईनासे झालेत. पाटी लागल्यापासून एकदाही नाही. गुडघे दुखतात म्हणतात. जेवणही कमी. मी म्हटलं, चला, मी येते बरोबर, आपली पाटी बघून येऊ. तर म्हणाले, "आता काय बघायचं, लागली ना." रेडिओ मोठा केला.

एवढी इच्छा पुरी झाली की माणूस असा सैल पडतो का? भीती वाटते.

दादाला फोनवर सगळं सांगितलं, सुईणबाईंच्या मुलीचंसुद्धा. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "झाकली मूठ सव्वा लाखाची. गप्प बस. या वयात त्यांना सांगणार आहेस, की तुमचे वडील काही कोणी नव्हते? मारायचंय का त्यांना?"

"आणि त्या बाई?"

"त्यांनी तक्रार केलीय का? नाही ना?"

नाही केली. तेच तर आहे. भांडल्या असत्या तर मीही भांडले असते.

१ एप्रिल, मंगळवार

आज खरं लिहायचं ठरवलंय. कोऱ्या पानाला काय घाबरायचं!

खोटी साक्ष घेऊन पाटी लावली हे उघड झालं तर माझी चौकशी लागेल. निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत. नगरपालिकेत अशा गोष्टी चवीने चघळतात. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे म्हणतील, आजोबांना पाटीवर चढवायला निघाली होती. नाव मोठं, लक्षण खोटं. मी जिना चढताना लोक बोलायचे थांबतील, ते मला आत्तापासून ऐकू येतंय.

म्हणजे अप्पांसाठी केलं हे अर्धंच खरं. केलं अप्पांसाठी, पण आता गप्प बसलेय ती स्वतःसाठी. आणि केलं तेसुद्धा — पाटीवर नाव लागलं की अप्पा रस्त्यात उभे राहून लोकांना सांगायचे थांबतील, असं मनात कुठे तरी होतंच की. थांबले ते. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून आनंद व्हायला हवा होता मला.

त्या बाईंना अजून काही कळवलेलं नाही. पत्ता पर्समध्ये आहे. पर्स उघडायची म्हटलं तरी नको वाटतं.

२ एप्रिल, बुधवार



जेवणाच्या सुट्टीत चष्मेवाल्याकडे गेले. त्याच्याकडून निदान एक ओळ लिहून घ्यावी, आई काय सांगायची ते, असं मनात होतं. तिथवर जायची हिंमत तरी झाली, पुढचं पुढे. दुकानात शिरले आणि काचेतून बघते तर पाटीखाली त्या बाई. काठीवर दोन्ही हात ठेवून, मान वर करून वाचत होत्या. आणि रस्त्याच्या या बाजूला, अगदी दुकानाच्या पायरीशी — अप्पा! गुडघे दुखतात म्हणणारे. माझ्याकडे पाठ होती.

मी चष्म्यांच्या फिरत्या स्टँडमागे झाले. पंचावन्न वर्षांची बाई, नगरपालिकेची वरिष्ठ लिपिक, फ्रेमांच्या आड लपलेली! स्टँडला छोटा आरसा आहे, त्यात माझाच अर्धा चेहरा समोर. चष्मेवाला काहीतरी विचारायला लागला, मी बोट ओठांवर ठेवलं.

अप्पा रस्ता ओलांडून गेले. बाईंनी वळून बघितलं, डोळे बारीक केले.

"अरे, ढब्बू ना तू?"

अप्पांना ढब्बू म्हणणारं माणूस जगात उरलंय हे मला माहीत नव्हतं.

"हो, ताई," अप्पा म्हणाले.

"केवढा म्हातारा झालास रे!" त्या हसल्या. मग पाटीकडे हात केला. "छान झालं हो. तुझ्या बाबांचं नाव लागलं."

बस, एवढंच. टोमणा नाही, काही नाही. खरंच छान झालंय अशा आवाजात बोलल्या. अप्पा पुढे झाले. मग त्यांच्या कोपराला धरून त्यांना बस थांब्याकडे घेऊन गेले. बस येईपर्यंत दोघं बाकावर बसले होते. काय बोलत होते ते ऐकू आलं नाही. मधे एकदा अप्पांनी रुमाल काढला.

मी बाहेर पडून त्यांच्यात जाऊ शकले असते. चार पावलांवर तर होते. मी स्टँडमागेच राहिले, बस जाईपर्यंत, अप्पा घराकडे वळेपर्यंत. चष्मेवाल्याची बायको गल्ल्यावरून माझ्याकडे बघत होती. तिने पाणी दिलं. प्यायले आणि ऑफिसात परत गेले. ओळ लिहून घ्यायची राहिलीच.

म्हणजे अप्पांना सुईणबाई माहीत होत्या! मग गल्ली कोणाची हे माहीत नव्हतं? का इतक्या वर्षांत स्वतःच्या गोष्टीने ते पार पुसून टाकलं? आणि आज त्या बाईंनी त्यांना आठवण करून दिली असेल तर? कोणत्या तोंडाने घरी जाऊ, असं वाटत होतं. गेले. अप्पांनी दार उघडलं आणि म्हणाले, "दमलीस?"

४ एप्रिल, शुक्रवार

आज सांगणार होते. समोर बसले, रेडिओ बंद केला.

"अप्पा, पाटीचं—"

"जेवून घे आधी."

जेवले. मग भांडी घासली. मग कपडे घड्या करायला घेतले, घड्या केलेले पुन्हा उलगडून केले. मी मुळात भित्री आहे, हे पंचावन्नाव्या वर्षी कळावं! सोमवारी साहेबांना सगळं सांगते. नाही, आधी अप्पांना. रविवारी.

६ एप्रिल, रविवार

नाही सांगितलं. अप्पा दिवसभर ठेवणीतल्या कोटाची उसवलेली बाही शिवत बसले होते. मी विचारलं, कुठे जायचंय का. म्हणाले, "असू दे नीट केलेला."

७ एप्रिल, सोमवार

अप्पा ऑफिसात आले. कोट घालून. रांगेत चौथे. मला वाटलं मी डबा विसरले. हाताने खूण केली, पुढे या. आले नाहीत. नंबर आल्यावरच खिडकीशी आले.

"मॅडम, एक तक्रार द्यायची होती."

"अप्पा—"

"गल्लीच्या पाटीवर चुकीचं नाव लागलंय. तिथे सुईणबाईंचं हवं. पाटीवर आहे तो माझा बाप. आग लागली त्या दिवशी तो पिऊन पडला होता." मागे रांग ऐकत होती. त्यांनी आवाज जरासुद्धा खाली आणला नाही. "आगीची गोष्ट मी रचली. माझी मुलगी तिसरीत होती. दारुड्याची नात म्हणून चिडवायचे तिला, शाळेत जाईना. म्हणून सांगितली. मग सांगता सांगता मलाच गोड लागली. आता ती मोठी झालीय, तिला चालेल. साक्षही मीच दिली, खोटी. लिहून घेणाऱ्या बाईंचा काही दोष नाही. तसं लिहा."

तिसरीत मी कितीतरी दिवस शाळेत गेले नव्हते. ताप आला होता, असंच आजवर समजत होते.

विचारावंच लागतं, म्हणून विचारलं. तक्रारदाराचं पूर्ण नाव?

अप्पांनी स्वतःचं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, आडनाव सांगितलं. सावकाश, एकेक करून, मला लिहिता यावं म्हणून.